प्रश्न उत्तरात घेऊन

"नाव काय तुमचं?" पप्पा विचारायचे, आणि समोरची बाई "चंपा" म्हणाली की हात वर करून तिला थांबवायचे.

"तसं नाही मावशी. 'माझं नाव चंपा' असं म्हणा. माझा प्रश्न नंतर कापला जाणार आहे, ऐकू येणार ते फक्त तुमचं. म्हणून माझा प्रश्न तुमच्या उत्तरात घेऊन बोला."

हे मी मुलुंडच्या मिठागरात उभी राहून ऐकलंय. मला शाळेला सुट्टी होती आणि आईला ऑफिसला नव्हती, म्हणून पप्पांनी मला शूटिंगला नेलं होतं. चंपामावशीने पदर तोंडाला लावला आणि विचारलं, "म्हणजे तुमी नाहीच का पिक्चरमध्ये?"

"मी कशाला?"

"मग मघापासून तुमीच का बोलताय?"

सगळं युनिट हसलं. पप्पाही हसले, पण कॅमेरा चालू होता म्हणून आवाज न करता.

माझे पप्पा, अंबादास वानखडे, माहितीपट करायचे. आधी सरकारी वाहिनीसाठी, मग जमेल तसे. घरातही त्यांची तीच रीत होती. "शाळेत काय झालं?" असं त्यांनी विचारलं की मी म्हणायची, "शाळेत आज असं झालं की..." बाईंनी आईला बोलावून सांगितलं होतं, मुलगी हुशार आहे, पण फार पूर्ण वाक्यात बोलते. लग्नानंतर विशालने एकदा सहज विचारलं, "जेवलीस?" मी म्हटलं, "मी जेवले, तुझी वाट बघून जेवले." तो म्हणाला, "अगं, कोर्टात उभी आहेस का?"

पप्पांचं गाव मेहकरजवळ. बहात्तरच्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची आणि पप्पा, तेव्हा आठ वर्षांचे, दगडांच्या सावलीत बसून असायचे. एक दिवस तिथे सरकारी जीपमधून कॅमेरा आला. साहेबाने आजीला काहीतरी विचारलं आणि आजी बोलली. खूप बोलली, पप्पा सांगायचे, हातातला हातोडा खाली ठेवून बोलली. काही महिन्यांनी गावात तंबूतली टॉकीज आली, तेव्हा पिक्चरच्या आधी ती रीळ दाखवली. सगळी वस्ती बघायला गेली होती. पडद्यावर आजी आली, तिचे ओठ हलत होते, आणि आवाज कुणा भलत्याच पुरुषाचा. शासनाने किती हातांना काम दिलं ते तो सांगत होता. आजी अंधारात मोठ्याने म्हणाली, "हा कोण बोलून राहिला माझ्या तोंडातून?"

वस्ती हसली. पप्पांना हसू आलं नाही. नंतर पुष्कळदा त्यांनी आजीला विचारलं, "माय, तू काय बोलली होतीस तवा?" तिला आठवायचंच नाही. "काय की रे बाबू. भुकेचंच बोलली असन."

म्हणून पप्पांच्या फिल्ममध्ये निवेदक नसायचा. जो दिसतो तोच बोलेल, वरून कुणाचा आवाज नाही. दिग्दर्शकाचा तर नाहीच. मिठागरांवर त्यांनी फिल्म केली, चेंबूरच्या जलशातल्या म्हाताऱ्या गायकांवर केली, चारकोपच्या सेक्टरांत राहायला गेलेल्या गिरणी कामगारांवर केली. एकीला बक्षीस मिळालं. ती पितळी बाहुली आमच्या बेडरूमच्या दाराला टेकू म्हणून असायची, कारण ते दार वाऱ्याने आपटायचं. मग खासगी वाहिन्या आल्या आणि पप्पांना गुन्ह्यांच्या मालिकेचं काम मिळालं. दर आठवड्याला एक खून, नाट्यरूपांतरासह. "आपला ब्लॉक त्या खुनांवर झालाय," असं आई पाहुण्यांसमोर सांगायची आणि पप्पा उठून गॅलरीत जायचे.

त्याच वाहिनीने पुढे त्यांना स्वतःचा कार्यक्रम देऊ केला होता. गल्लीबोळांतून फिरायचं, माणसांना भेटायचं, पण अट एकच, अँकर तुम्ही. "सर, तुमचा आवाज काय आहे! तुम्हीच बोला ना." पप्पा नाही म्हणाले. तो कार्यक्रम दुसऱ्याच कुणी केला आणि वर्षानुवर्षं चालला. पप्पांच्या वाट्याला बिल्डरांच्या जाहिराती आणि कारखान्यात हेल्मेट कसं घालावं याच्या फिल्म आल्या. मग त्याही आल्या नाहीत.

"बोलले असते तर काय झिजलं असतं का?" आई म्हणायची.

"मी बोललो की लोक मला ऐकतात गं. समोरच्याला कोण ऐकणार?"

आवाज खरंच छान होता. जाडसर, थोडा खरखरीत, उन्हात वाळवलेल्या गोधडीसारखा. मला हाक मारायचे ती 'श्रुते' अशी. 'श्रु' खाली, छातीतून, आणि 'ते' वर नेऊन तिथेच सोडून द्यायचे, पतंगाला ढील दिल्यासारखं. मी कुठेही असले तरी तो 'ते' माझ्यापर्यंत पोचायचा.

मागच्या वर्षी तो आवाज बसला. आम्ही आधी मीठ-हळदीच्या गुळण्या केल्या, मग कफ सिरप, मग कानाघशाचे डॉक्टर, मग मोठं हॉस्पिटल. डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. श्वास गळ्याला केलेल्या भोकातून. जीव राहील, आवाज जाईल. "काही शंका?" त्यांनी विचारलं.

"शंका काही नाही," पप्पा म्हणाले. तेव्हा आवाज फाटक्या कापडासारखा येत होता. "तुमच्या केबिनला लाइट फार छान आहे."

आई तिथेच रडायला लागली. मी माझ्या मुलीचा, मैत्रीचा विचार करत होते. मैत्री चार वर्षांची. चार वर्षांचं काय लक्षात राहतं माणसाला? मला माझ्या आजीचा आवाज आठवत नाही, तर हिला आजोबांचा कुठून आठवेल?

घरी येऊन मी मोबाइल उघडला. मैत्रीचे किती व्हिडिओ. पालथी पडतेय, रांगतेय, बुद्धपौर्णिमेला पांढऱ्या फ्रॉकमध्ये वंदना म्हणतेय. सगळे पप्पांनी काढलेले, आणि चालू कॅमेऱ्यामागे बोलायचं नाही ही त्यांची आयुष्यभराची सवय. सुरुवातीला "रोल", शेवटी "कट", बस. दुसऱ्या कुणी काढायला घेतलं की पप्पा हळूच चौकटीतून बाहेर सरकायचे. व्हॉट्सॲपवर आवाज पाठवायचे नाहीत, टाइप करायचे, पूर्णविरामासकट.

"पप्पा, कॅमेऱ्यासमोर बसा," मी म्हटलं. "मैत्रीसाठी थोडं बोला."

"काय बोलू?"

"काहीही."

"'काहीही' हा विषय नसतो श्रुते."

"बसा हो एकदा," आई म्हणाली. "जगाला बोलतं केलंत, आता जरा स्वतःला करा."

शेवटी तयार झाले, पण अटी घालून. कॅमेरा नीट हवा, मोबाइल नको. कॅमेरा सहदेवकाकांकडून आणायचा. सहदेवकाका म्हणजे पप्पांचे एडिटर, तरुणपणापासूनचे. मूळचे मालवणचे, आता चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्यात लग्नाचे आणि वाढदिवसांचे व्हिडिओ कापून देतात. पप्पांच्या सगळ्या फिल्ममधून पप्पांचे प्रश्न कापले ते त्यांनीच.

"आणि सहदेवला ऑपरेशनचं सांगायचं नाही," पप्पा म्हणाले. "तो रडतो. रडणाऱ्या एडिटरचा कट चुकतो. त्याला सांग, मैत्रीच्या वाढदिवसाचं शूट आहे."

मी तसंच सांगितलं.

ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी, रविवारी, मुलुंडच्या आमच्या हॉलमध्ये शूटिंग झालं. पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला. खुर्चीत बसले, कॉलरला माईक लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मागे बाबासाहेबांचा फोटो अर्धा कापला जातोय. खुर्ची डावीकडे घे." घेतली. मग पडदा. मग उठून स्वतः फ्रेम बघून आले. मग पुन्हा बसले, आणि गप्प.

"बोला ना पप्पा."

त्यांनी भिंगाकडे बघितलं. हजारो माणसांना त्यांनी या जागी बसवलं होतं, पाणी पाजलं होतं, धीर दिला होता. स्वतःचे हात मात्र कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं.

"श्रुते, नाही जमत गं मला."

तेवढ्यात मैत्री त्यांच्या मांडीवर चढली. "मी बसू आजोबा? मी बसू?"

आणि पप्पा पप्पा झाले. उठले, तिला खुर्चीत नीट बसवलं, स्वतः कॅमेऱ्याच्या बाजूला स्टूल ओढून बसले. कॉलरचा माईक काढला आणि तिच्या फ्रॉकला लावला.

"पप्पा, माईक तुमच्याकडेच राहू दे. सगळं तुमच्या आवाजासाठी चाललंय."

"उत्तर देणाऱ्याला माईक, श्रुते. मी इतका जवळ बसलोय, तिच्या माईकात येईन."

"मग मी मोबाइलवर पण घेते."

"मोबाइल सगळे बंद. खरखर येते."

मी बंद केला. त्यांच्या सेटवर त्यांचं ऐकायचं, ही मलाही लहानपणापासूनची सवय.

"तुझं नाव काय?" पप्पांनी विचारलं.

"मैत्री."

हात वर गेला. "तसं नाही बाळा. माझा प्रश्न उत्तरात घेऊन बोल. 'माझं नाव...'"

ती लगेच शिकली. "माझं नाव मैत्री विशाल तायडे."

"तुझे आजोबा काय काम करतात?"

"माझे आजोबा लोकांना बोलायला लावतात."

स्वयंपाकघरात आई फिसकन हसली. पप्पांनी तिकडे न बघताच बोट ओठांवर ठेवलं.

"आजोबांना कुठे बरं नाहीये?"

"आजोबांना गळ्यात बरं नाहीये. तिथे बेडूक बसलाय."

"मग त्या बेडकाचं काय करायचं?"

"त्या बेडकाला डॉक्टर बाहेर काढणार."

"बेडूक जाताना काय करेल?"

मैत्रीने विचार केला. "बेडूक जाताना टाटा करेल."

मी तिथून उठले. स्वयंपाकघरात आईने मला धरलं आणि माझा हुंदका बाहेर जाऊ नये म्हणून माझं तोंड स्वतःच्या खांद्यात दाबलं. टेक चालू होता ना. पप्पांचा आवाज तोवर इतका खाली गेला होता की पुढचे प्रश्न मला ऐकूच आले नाहीत, आणि माझ्या हुंदक्यांत मैत्रीची उत्तरंही नाहीत. तरी मनात निश्चिंत होते. सगळं रेकॉर्ड होतंय.

शेवटी पप्पांनी आम्हाला बाहेर बोलावलं. "आता सगळे गप्प. खोलीचा आवाज घेऊ." प्रत्येक शूटिंगनंतर ते हे करायचे. थोडा वेळ कुणी बोलायचं नाही, त्या जागेची नुसती शांतता टिपून ठेवायची. पुढे एडिटिंगमध्ये जोड दिसू नयेत म्हणून ती भरायला लागते. आम्ही उभे राहिलो. पंखा, खिडकीतलं कबुतर, आणि पप्पांच्या श्वासातली बारीक शिट्टी.

"कट," पप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते ॲडमिट झाले. कॅमेरा आणि आतलं कार्ड मी सहदेवकाकांकडे पाठवून दिलं. त्यानंतरच्या सकाळी ऑपरेशन झालं. चांगलं झालं असं सगळे म्हणाले.

पप्पा घरी यायच्या आदल्या दिवशी मी मैत्रीला आईकडे ठेवून चारकोपला गेले. सहदेवकाकांनी खुर्ची पुसून दिली, थर्मासमधला चहा ओतला.

"ये गो बाय. काय चेडू आहे तुझं! कॅमेऱ्याला अजिबात घाबरत नाही. बघ."

स्क्रीनवर मैत्री आली. पाय हलवत, जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "माझं नाव मैत्री विशाल तायडे." पुन्हा जरा वेळ गप्प. "माझे आजोबा लोकांना बोलायला लावतात."

मी आवाज वाढवला. पंखा ऐकू आला. कबुतर ऐकू आलं.

"काका, पप्पांचे प्रश्न?"

"काढले ना!" काका खूश होते. "पोरीच्या माईकात घुसला होता तुझा बाप, एकेक शब्द वेचून काढलाय. मधे सगळीकडे खोलीचा आवाज भरला. त्यातपण त्याची कसली तरी शिट्टी येत होती, तीपण साफ केली. आता त्याचा श्वाससुद्धा सापडायचा नाही तुला. सांग बघू, कुठे आहे जोड?"

जोड कुठेच नव्हता.

"मूळ रश आहेत ना काका? न कापलेलं शूटिंग?"

"वाढदिवसाचे रश कोण ठेवतं गं? फिल्म झाली की उडवायचे. कार्ड तर परवाच हळदीच्या शूटला गेलं."

मग मी त्यांना ऑपरेशनचं सांगितलं. ते उभे होते, तसे हळूहळू खाली बसले.

"माका सांगूक नाय?" ते म्हणाले. "इतक्या वर्सांचो मी त्याचो, आणि मेल्यान माका सांगूक नाय?"

कार्ड परत मागवलं. गेलेलं शोधून काढणारं सॉफ्टवेअर त्यांनी लावलं, मग दुसरं लावलं, मग कॉम्प्युटरची डिस्क तपासली. संध्याकाळपर्यंत आम्ही स्क्रीनसमोर बसलो होतो. हळदीने माखलेला कुणीतरी नवरा मुलगा हसत हसत पुन्हा पुन्हा येत राहिला.

दुसऱ्या दिवशी काका माझ्याआधी मुलुंडला हजर होते. खाली सोसायटीच्या गेटवर उभे. "मी सांगतो त्याला," म्हणाले. "माती मी खाल्लीय."

पप्पा हॉलमध्ये बसले होते. गळ्यावर जाळीचं पांढरं कापड, त्यामागून श्वास येत-जात होता. मांडीवर मैत्रीची काडीने लिहून पुसायची पाटी. आम्हाला बघून चेहरा इतका फुलला की काकांचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. पप्पांनी पाटीवर लिहिलं, 'टीव्हीला लाव.'

"अंबादास, आधी ऐक माझं."

पप्पांनी हात वर केला. तोच, थांबवायचा. पाटीवर लिहिलं, 'आधी फिल्म.'

मैत्री पळत येऊन त्यांच्या पायाशी बसली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी फिल्म लावली.

टीव्हीवर मैत्री पाय हलवत होती. पप्पा पुढे झुकले. पहिला प्रश्न यायला हवा होता तिथे पंखा वाजला, आणि ती म्हणाली, "माझं नाव मैत्री विशाल तायडे."

पप्पांनी काकांकडे बघितलं. काकांनी मान खाली घातली. पप्पा पुन्हा टीव्हीकडे वळले, दुसऱ्या प्रश्नाच्या जागेपर्यंत थांबले, आणि तिथे कबुतर घुमलं. सगळं त्यांच्या लक्षात आलं, ते मला दिसलं. खांदे खाली आले. पाटीची काडी त्यांनी उचलली, सावकाश काहीतरी लिहिलं आणि पाटी काकांपुढे धरली.

'एकही जोड दिसत नाही.'

सहदेवकाका लहान मुलासारखे मोठ्याने रडायला लागले. पप्पांनी बोट ओठांवर ठेवलं. फिल्म चालू होती.

मग पुढच्या मोकळ्या जागेत त्यांचे ओठ हलले. आवाज नव्हता, गळ्यावरचं कापड तेवढं जरा फुगलं. मला ओठांवरून प्रश्न कळला, आजोबांना कुठे बरं नाहीये. टीव्हीवरून मैत्री म्हणाली, "आजोबांना गळ्यात बरं नाहीये. तिथे बेडूक बसलाय." पुन्हा ओठ हलले. पुन्हा तिने उत्तर दिलं. एकही प्रश्न ते विसरले नव्हते, आणि प्रत्येक प्रश्नाला सहदेवकाकांनी बरोबर तेवढीच जागा सोडली होती. तंबूतल्या पडद्यावरचे आजीचे ओठ मी कधी पाहिले नव्हते. त्या दिवशी पाहिले.

बेडकाने टाटा केला. त्यापुढचं मी ऐकलं नव्हतं. कालही चारकोपला तिथपर्यंत पोचलेच नव्हते.

पप्पांनी टीव्हीवरची नजर काढली आणि माझ्याकडे बघत ओठ हलवले. या वेळी मला काही कळलं नाही. प्रश्न लांब होता.

टीव्हीवर मैत्रीने मान वर केली. "माझे आजोबा माझ्या आईला अशी हाक मारतात," ती म्हणाली, आणि आवाज मोठ्या माणसासारखा व्हावा म्हणून हनुवटी छातीला टेकवली. "श्रुतेऽऽ."

'श्रु' खाली, छातीतून. 'ते' वर नेऊन तिथेच सोडलेला.

त्यानंतर फिल्ममध्ये नुसता खोलीचा आवाज होता. तिकडे कुणी ओ देत नव्हतं. पप्पा माझ्याकडे बघत होते, उत्तराची वाट बघताना बघायचे तसे.

"ओ," मी म्हटलं. "ओ, पप्पा."